तीन तासांची मावशी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर कापूरहोळ लागतं. नारायणपूर-केतकावळ्याच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या इथून डावीकडे वळतात. याच गावच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ ही संभाजीराजांची दूधआई. १४ मे १६५७ ला पुरंदरावर राजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती, बाळाला दूध पुरेना, म्हणून धाराऊला गडावर बोलावून घेतलं, असं परंपरेने सांगतात. सव्वादोन वर्षांनी सईबाई गेल्या, पण धाराऊ राहिली. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे राजांचे दूधभाऊ म्हणून पुढे त्यांच्या पदरी वावरले.

मूल सांभाळायला घराबाहेरचं माणूस आणल्याची मराठी मुलखातली सगळ्यांत मानाची गोष्ट ती हीच. धाराऊकडे कुणी दाखला मागितला नसणार. गाव माहीत, घर माहीत, पाटीलकी माहीत. आणि एकदा जुळलेलं नातं पुढच्या पिढीपर्यंत पोचलं. आज हेच काम मोबाइलवरच्या एका नोंदीवरून, दिवसाला तीन तासांच्या बोलीवर ठरतं. त्यासाठी आधारकार्डाची प्रत, पोलीस पडताळणी, फोटो, आधीच्या दोन घरांचे नंबर आणि नावापुढे पाचपैकी किमान साडेचार तारे एवढा सरंजाम लागतो. मधल्या साडेतीन शतकांवर नजर टाकली तर एक सूत्र हाती लागतं. नात्याची मुदत जसजशी आखूड होत गेली, तसतसा ओळखीचा कागद लांबत गेला. आणि तो कागद मागणारी बाजू मात्र कधी बदलली नाही.

घरातल्या घरात

धाराऊच्या गोष्टीवरून सगळा जुना काळ असाच होता, असं समजण्याचं कारण नाही. पेशवाईतल्या वाड्यांमधून दळण-कांडण, झाडलोट, मुलांचं न्हाऊमाखू आणि त्यांना खेळवणं ही कामं कुणबिणींच्या अंगावर असत. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, नाहीतर एखाद्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून सरकारजमा झालेली बाई. तिची ओळख पटवून घेण्याचा प्रश्नच येत नव्हता, कारण ती मालमत्तेत मोजली जाई. १८४३ च्या कायद्याने गुलामीला असलेला कायद्याचा आधार काढून घेतला, तेव्हा कुठे कागदोपत्री हा प्रकार संपला.

पांढरपेशा घरांत मात्र आणखी एक सोय होती, आणि तिचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही. ‘पूर्वी एकत्र कुटुंबात मुलं कशी वाढली ते कळायचंही नाही’, असं आजही ऐकू येतं. कळायचं नाही, कारण ज्यांना कळायचं त्यांना बोलायची मुभा नव्हती. केशवपन करून माजघरात बसवलेली आत्या, सासरहून परत पाठवलेली बालविधवा मावशी, दूरच्या नात्यातली आश्रित काकू यांच्या कडेवर घराघरांतली पोरं मोठी झाली. पगार नाही, सुट्टी नाही, जायला दुसरं घर नाही. एकत्र कुटुंबातलं बालसंगोपन स्वस्त होतं, ते बऱ्याच अंशी या बायकांच्या जिवावर.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं केलं, आणि यांतल्या काही जणींना घराबाहेरची वाट मिळाली. कुणी शिक्षिका झाली, कुणी परिचारिका. कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. पुढे त्या इंग्रजी शिकायच्या जिद्दीने अमेरिकेला गेल्या आणि तिथे पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम केलं. माजघरातली बाई शिकली, कमावती झाली, ही सुधारणेची कहाणी आपण अभिमानाने सांगतो. तिच्यामागे रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरं कुणीतरी पगार देऊन आणावं लागणार होतं, हा तिचाच उत्तरार्ध.

चिठ्ठ्यांचं गाठोडं

मूल सांभाळणारीची ओळख कागदावर आली ती साहेबाच्या बंगल्यावर. इंग्रज अधिकारी कुठेच फार काळ टिकत नसे. दोन-तीन वर्षांत बदली, नाहीतर विलायतेला परत. जाताना मेमसाहेब आयाला चिठ्ठी लिहून द्यायची: अमुक वर्षं आमच्याकडे होती, हाताची स्वच्छ आहे, मुलांना जीव लावते, जरा तोंडाळ आहे. पुढच्या बंगल्यावर ती दाखवायची. जुन्या आयाकडे अशा चिठ्ठ्यांचं गाठोडंच असे. घड्यांवर फाटलेले, हाताळून मळलेले कागद फडक्यात बांधून ती दारोदार फिरे. यांतल्या बहुतेकींना इंग्रजी वाचता येत नसे. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे ठाऊक नसताना त्या कागदावर पोट अवलंबून. एखादीने खोचक शेरा मारलेला असला, तरी तीही चिठ्ठी इमानेइतबारे पुढे केली जाई.

साहेबलोकांचीही तक्रार असेच. चिठ्ठ्या उसन्या मिळतात, विकत मिळतात, एकीच्या नावाच्या दुसरीच्या कामी येतात, म्हणून त्यांवर विसंबू नये, असं नव्याने आलेल्या मेमसाहेबांना बजावलं जाई. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं ‘द कम्प्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक’ १८८८ मध्ये निघालं. नोकर कसे ठेवावेत, त्यांच्याकडून काम कसं करून घ्यावं, कोणत्या इलाख्यात कुणाला किती पगार द्यावा, हे सगळं त्यात आहे. खोट्या दाखल्यांची भीती इंटरनेटने आणलेली नाही. ती दाखल्याबरोबरच जन्माला आली.

मुंबईतल्या आयांमध्ये गोव्याकडच्या ख्रिस्ती बायका बऱ्याच असत. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला. त्याची आया रोमन कॅथलिक होती आणि रस्त्याकडेच्या क्रुसापाशी प्रार्थना करताना त्याला शेजारी उभं करायची, असं त्याने म्हातारपणी लिहून ठेवलंय. आईवडिलांपुढे न्यायच्या आधी या पोराला आता इंग्रजीत बोल म्हणून बजावावं लागे, इतका तो नोकरांच्या भाषेत मुरलेला. या बायकांची स्वतःची मुलं तेवढा काळ कुणाकडे असत, हे मात्र कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये सुरू झाल्यावर विलायतेची वाट सोपी झाली आणि आयाच्या कामाचा एक नवाच तुकडा पडला. बोटीवरच्या तीन-चार आठवड्यांपुरती आया. मुंबईहून निघताना मुलं सांभाळायला सोबत न्यायची आणि लंडनला उतरल्यावर काम संपलं म्हणून सोडून द्यायची. परतीच्या तिकिटाची हमी प्रत्येकीला असेच असं नाही. अशा अडकून पडलेल्या बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ निघालं. आधी ते आल्डगेट भागात होतं, १९०० मध्ये लंडन सिटी मिशनने ते हॅकनीच्या किंग एडवर्ड्स रोडवर हलवलं.

या घराची कामाची रीत बघण्यासारखी आहे. मालकिणीने आयाच्या परतीचं तिकीट काढलेलं असलं, तर ते होमच्या मेट्रनकडे जमा व्हायचं. हिंदुस्थानात जायला निघालेलं आणि वाटेत मुलं सांभाळायला बाई हवी असलेलं कुटुंब मेट्रनकडे यायचं. मेट्रन त्यांना ही आया द्यायची आणि तिकिटाचे पैसे वळते करून तोवर तिच्या राहण्या-जेवणाचा खर्च भागवायची. शिवाय वर्तमानपत्रांत जाहिराती येत: अनुभवी आया, शिफारसपत्रं उत्तम, मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाबरोबर प्रवासास तयार. मागणी, पुरवठा, मधला दलाल, शिफारस आणि ठरावीक मुदतीचं काम हे सगळं त्या घरात एकाच टेबलावर होतं. आजच्या मोबाइलवरच्या यादीला लागणारा एकच भाग तिथे नव्हता, तो म्हणजे पडदा. इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये हॅकनीतल्या त्या इमारतीवर निळी पाटी बसवली.

भोंगा झाल्यावर

इकडे मुंबईत लालबाग-परळच्या गिरण्यांमध्ये १९२० च्या दशकात दर पाच कामगारांमागे जवळपास एक बाई होती. तिच्या तान्ह्याचं काय? सासू किंवा नणंद गावाला, शेजारीण स्वतः दुसऱ्या गिरणीत. मग चाळीतल्या एखाद्या म्हातारीला थोडेफार पैसे देऊन मूल तिच्या खोलीत ठेवायचं, नाहीतर त्याला बाळगोळी चाटवायची. बाळगोळीत अफू असे. आई पाळीवरून येईपर्यंत पोर निपचित पडून राही. गिरणीतल्या बायकांच्या बहुतेक तान्ह्यांना ही गोळी मिळते, हे त्या वेळच्या सरकारी पाहणीतच नोंदलं गेलं. मूल सांभाळायला माणूस नसलं की त्याच्या जागी काय येतं, याचं याहून उघडं उदाहरण मुंबईच्या इतिहासात नाही.

त्यानंतर कायदा हलला. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्याच्या बाजूने भाषण केलं. कामगार बाईची विश्रांती हे राष्ट्राच्या हिताचं काम आहे आणि मालकानेही त्याचा काही भार उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात देशातला असा पहिला कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचं केलं; १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला. कलम चांगलं होतं, पण त्याला चुकवायची वाट त्या आकड्यातच होती: बायकांची संख्या तिसाच्या आत ठेवायची. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास वा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. या वेळी आकडा बायकांचा न ठेवता एकूण कर्मचाऱ्यांचा ठेवला, तो बहुधा हा अनुभव गाठीशी असल्यामुळेच.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षणाचं काम केलं, त्यातून आदिवासी पाड्यांवरची अंगणवाडी आली. केंद्र सरकारची बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण ती भरते दिवसातले काही तास. पोषण, लसीकरण, गाणी-गोष्टी हे सगळं त्यात बसतं. आईची आठ तासांची पाळी बसत नाही.

गावाकडची मुलगी, गल्लीतल्या काकू

शहरातल्या मध्यमवर्गाने ही अडचण कितीतरी वर्षं एका सोप्या मार्गाने सोडवली, आणि त्याबद्दल आपण फार बोलत नाही. गावाकडून एखादी मुलगी आणायची. दहा-बारा वर्षांची, ओळखीतल्याच गरीब घरातली. ‘खाऊनपिऊन राहील, शाळेत घालू, लग्न करून देऊ’, असा शब्द तिच्या बापाला द्यायचा. ती बाळाला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहायची, बाळ झोपलं की भांडी घासायची. शाळेचं पुढे बघू म्हणता म्हणता राहून जायचं. मूलच मूल सांभाळत होतं, आणि हे घरोघर चालत असल्यामुळे कुणाला खटकत नव्हतं. घरकामात चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवण्यावर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. इतकी अलीकडे.

दुसरा मार्ग सरळ होता. आयुर्विमा महामंडळ, राष्ट्रीयीकृत बँका, टेलिफोन एक्स्चेंज, शाळा आणि मंत्रालय यांत मराठी बायका नोकरीला लागल्या, तशी दादर-पार्ल्यात, ठाण्या-डोंबिवलीत, पुण्याच्या पेठांत घरगुती पाळणाघरं निघाली. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या. दारामागच्या खुंट्यांवर ओळीने पिशव्या, आणि प्रत्येकीत नाव चिकटवलेली दुधाची बाटली, दोन दुपटी, एक जादा झबलं, डब्यात चिरलेलं सफरचंद. बाराला मऊ वरणभात, मग सगळ्यांनी डोळे मिटून पडायचं, चारला खाऊ. साडेसहानंतर काकू सारख्या घड्याळाकडे बघायच्या आणि दारात आलेली आई चप्पल काढायच्या आधीच सांगायची, ‘गाडी लेट होती हो!’ पश्चिम रेल्वेची लेडीज स्पेशल १९९२ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या कित्येकींचा दिवस अशा कुठल्यातरी दाराशी सुरू होऊन तिथेच संपायचा.

इथे कागद लागला नाही. काकूंचा पत्ता हीच त्यांची ओळख होती. पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. पाळणाघर चालवणारी बाई आपल्यातली होती, शेजारची, पुष्कळदा आपल्याच जातीची. म्हणून ती काकू, आणि तिला उशीर झाल्याबद्दल सॉरी म्हणायचं. आपल्या घरी येऊन तेच काम करणारी वस्तीतली बाई मात्र नुसती ‘बाई’. काकूंच्या घरी आपण उंबरठ्याबाहेर थांबत होतो. बाई आपल्या उंबरठ्याच्या आत येत होती. ओळखीचा कागद उंबरठ्याच्या आत येणारीकडूनच मागितला जातो.

छोटी जाहिरात, ब्युरो, अ‍ॅप

कुटुंबं लांबच्या उपनगरांत गेली, गल्ली सुटली, आणि ओळखीतून माणूस मिळेनासं झालं. मग रविवारच्या पुरवणीतल्या छोट्या जाहिराती. शब्दांवर पैसे, म्हणून मजकूर तारेसारखा: बाळ सांभाळण्यास प्रेमळ, निर्व्यसनी, गरजू स्त्री पाहिजे, सकाळी नऊ ते सहा, समक्ष भेटा. गरजू हवी, कारण गरजू असली की टिकते, हा त्यामागचा हिशेब.

त्यांच्या जोडीला ब्युरो आले. बाळंतिणीची बाई, बारा तासांची आया, राहून काम करणारी चोवीस तासांची, असे दर फलकावर लिहिलेले. एक पगार कमिशन, आणि बाई सोडून गेली तर ठरावीक दिवसांत दुसरी द्यायची बोली. ब्युरोने दोन गोष्टी केल्या. ओळखीची जबाबदारी पैसे घेऊन अंगावर घेतली, आणि बाईला बदलून मिळणारी वस्तू केलं.

संगणकावरची यादी ही यापुढची पायरी. मुंबईत १९९६ मध्ये जस्टडायल सुरू झालं तेव्हा ते फोनवर होतं. नंबर फिरवायचा, पलीकडून चार ब्युरोंचे पत्ते मिळायचे. सुलेखा, क्विकर यांच्यावर ब्युरोंबरोबर घरंही थेट जाहिरात टाकू लागली. अमेरिकेत क्रेगलिस्ट १९९५ ची, खास मुलं सांभाळणाऱ्यांसाठीची सिटरसिटी २००१ ची, आणि केअर डॉट कॉम २००६ मध्ये स्थापन झालेली. तिची संस्थापक शीला लिरियो मार्सेलो हिला स्वतःच्या लहान मुलांसाठी आणि आजारी वडिलांसाठी माणूस शोधताना जी दमछाक झाली, त्यातून ही कल्पना निघाली.

महानगरांतल्या मोठ्या गृहसंकुलांत आता गेटवरचं अ‍ॅप असतं. मायगेटसारख्या अ‍ॅपमध्ये ‘डेली हेल्प’ची यादी उघडली की प्रत्येकीचा फोटो, नाव, ती कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये काम करते, किती वाजता आत आली, दिवसातले कुठले तास मोकळे आहेत आणि तिला किती तारे मिळालेत, हे दिसतं. चार ते सात मोकळी असलेली बाई शोधणं हे आता दोन मिनिटांचं काम आहे. साहेबाच्या आयाचं गाठोडं निदान तिच्या हातात होतं. नको ती चिठ्ठी फाडून टाकायचा हक्क तिला होता, ती वाचता येत नसली तरी. आताचं गाठोडं गेटवरच्या यंत्रात आहे आणि ते तिच्याशिवाय सगळ्यांना उघडता येतं. दोन हजारांनी जास्त पगार मिळतोय म्हणून एक घर सोडलं, तर त्या घराने दिलेले दोन तारे पुढच्या सगळ्या घरांना दिसतात. त्या घराने महिन्याचा पगार आठवडाभर अडवला होता, हे कुणालाच दिसत नाही.

काम तुकड्यातुकड्यांचं झालंय, त्यालाही कारण आहे. घरून काम करणारी आई दिवसभर घरात असते, फक्त मीटिंगच्या वेळी तिला मोकळीक हवी असते. आजी-आजोबा सकाळी सांभाळतात, संध्याकाळी त्यांचे गुडघे संपावर जातात. प्लेग्रुप साडेबाराला सुटतो, डेकेअरची गाडी चारला सोडते. मधली भोकं बुजवायला माणूस लागतं. बाईच्या बाजूने बघितलं तर अशी तीन तासांची तीन घरं जोडल्याशिवाय महिना भरत नाही, आणि मधला रिकामा वेळ संकुलाच्या जिन्यात नाहीतर बाहेरच्या बाकावर काढावा लागतो. ते तास कुणाच्याच नोंदीत नसतात.

कागद एवढा लांबला, तरी भीती गेली का? खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण २०१६ मध्ये उघड झाली ती कॅमेऱ्यातल्या चित्रणामुळे. त्यानंतर घराघरांत कॅमेरे लागले. अमेरिकेत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१९ मध्ये दाखवून दिलं की, केअर डॉट कॉमवर नोंदवलेल्या लोकांची आणि केंद्रांची पडताळणी पालकांना वाटत होती तेवढी होतच नव्हती. खोट्या चिठ्ठीची तक्रार करणाऱ्या मेमसाहेबांना यात नवं काही वाटलं नसतं. २०२४ मध्ये अमेरिकेच्याच फेडरल ट्रेड कमिशनने त्याच कंपनीवर दुसऱ्या बाजूने बोट ठेवलं: काम शोधणाऱ्यांना उपलब्ध नोकऱ्या आणि मिळकत फुगवून सांगितल्याचा आरोप होता, आणि ८५ लाख डॉलरांवर तडजोड झाली. फसवणूक दोन्हीकडे होऊ शकते, हे सरकारी कागदावर यायला इतकी वर्षं गेली.

एडिसनमधली मावशी

न्यू जर्सीतलं एडिसन किंवा कॅलिफोर्नियातला बे एरिया इथल्या मराठी घरांची गोष्ट याच धाग्यातली आहे. बाळ झालं की आधी मुलीची आई येते, मग सासूबाई. पाहुण्याच्या व्हिसावर साधारण सहा-सहा महिने. आज्यांचं वर्ष संपलं की यादी उघडायची. देशी मंडळींच्या संकेतस्थळांवरच्या आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांतल्या नोंदींचा साचा ठरलेला आहे: मराठी किंवा गुजराती बोलणारी, शाकाहारी स्वयंपाक येणारी, संध्याकाळी चारला शाळेच्या बसपाशी उभी राहू शकणारी. भाषा बाळाला यावी म्हणून लागते. शाकाहाराची अट कधी खरोखर स्वयंपाकघरापुरती असते, तर कधी जे सरळ विचारता येत नाही ते तिच्याआडून विचारलेलं असतं.

या कामाला येणाऱ्या बायका बहुधा पन्नाशी-साठीच्या, मुलांमागोमाग तिकडे गेलेल्या. कुणी गावाकडे शिक्षिका होती, कुणी बँकेत. इथे त्या ‘मावशी’ होतात, पैसे रोख मिळतात, आणि कुणाचे कागदपत्र पक्के नसले तर तक्रार कुठे करायची हा प्रश्न उरतो. पार्वतीबाई आठवल्यांना शंभर वर्षांपूर्वी तिथे जे काम करावं लागलं, त्याच्याच जवळपासचं हे काम.

दुसऱ्या बाजूचा कागद

१९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. त्यातून उभ्या राहिलेल्या पुणे शहर मोलकरीण संघटनेच्या मागण्या आज ऐकताना साध्या वाटतात: आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, दिवाळीला एका पगाराचा बोनस. आपण आज ज्याला रीत समजतो, त्यातलं बरंच त्या बायकांनी भांडून मिळवलेलं आहे. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार २०११ मध्ये झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण त्याला मान्यता देऊन तो अमलात आणलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासून बघायला केंद्राला सांगितलं.

कायदा होईल तेव्हा होईल. यादीत सुधारणा करायला मात्र संसद लागत नाही. बाईच्या नावापुढे जेवढे रकाने आहेत, तेवढे घराच्या नावापुढेही ठेवता येतात. पगार किती आणि कुठल्या तारखेला. तास किती, आणि आई उशिरा आली तर वरच्या वेळेचे पैसे कसे. सुट्ट्या किती. घरात कॅमेरा आहे का, कुठे आहे. बाळाखेरीज भांडी आणि कपडेही तिच्याच गळ्यात पडणार का. दोन वर्षांत या घरातून किती बाया सोडून गेल्या आणि का. आधीच्या बाईचा फोन नंबर द्याल का. यातला शेवटचा प्रश्न विचारला की पालक चमकतात. बाईला तो दर नव्या दारात विचारला जातो, आणि तिने चमकायचं नसतं.

पालकांची भीती खोटी नाही. बोलता न येणारं पोर अनोळखी हातात द्यायचं म्हटल्यावर कुणाचाही जीव वरखाली होणारच. पण ज्या हातात ते द्यायचं, तो हात पुढच्या महिन्यातही यायला हवा असेल, तर तो कशाने टिकतो हे बघावं लागेल. चिठ्ठी, शिक्का, फोटो, तारे, कॅमेरा हे सगळं बाई आत येताना तपासायला उपयोगी आहे. ती टिकते ते वेळेवर मिळणाऱ्या पगाराने, हक्काच्या सुट्टीने आणि तिचं स्वतःचं पोर सुरक्षित असल्याच्या खात्रीने. तीन तासांच्या मावशीची मुलंही त्या तीन तासांत कुणाकडे तरी असतात. वस्तीत दिवसभर चालणारं पाळणाघर निघालं, तर संकुलातल्या यादीवरच्या बायका आपोआप जास्त दिवस टिकतील. म्हणून संकुलाच्या सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्यांच्या खर्चाचा विषय निघेल तेव्हा त्याच्या शेजारी या पाळणाघराचाही विषय मांडायला हरकत नाही.